हात जवळ, तोंड बंद

घोडा म्हटला की आपल्याला माथेरान आठवतं, चौपाटी आठवते, नाहीतर फेटा सावरत बसलेला नवरदेव. व्हीलचेअरवरून थेट खोगिरावर जाणारं मूल सहसा आठवत नाही. उपचार म्हणून घोडेस्वारी देणाऱ्या केंद्रांत मात्र हे रोजचंच.

घोडा कदम चालीनं चालला की पाठीवर बसलेल्याची कंबर पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि किंचित वर-खाली हलते. आपण पायी चालताना हलते, जवळजवळ तशीच. ज्या मुलानं स्वतःच्या पायांनी कधी चार पावलं टाकलेली नाहीत, त्याच्या कमरेला चालण्याची लय अशी घोड्याकडून मिळते. तोल सावरायचं काम मात्र त्याचं त्यालाच करावं लागतं.

एका मुलामागे बरेचदा तीन माणसं लागतात. एक घोड्याचा दोर धरून पुढे, दोघं दोन बाजूंना. बाजूच्यानं आपला हात मुलाच्या मांडीवरून आडवा नेऊन खोगिराची पुढची कड धरायची. मूल कललं तर हात तिथे हवा, आणि नाही कललं तर त्याचा भार जाणवता कामा नये. वाळूत घोड्याच्या पावलाला पाऊल लावत असं चाललं की खांदा भरून येतो. मग बाजू बदलायची, पण एका वेळी एकानंच.

आणि बोलायचं नाही. नव्या माणसाला खांद्यापेक्षा हेच जड जातं. सूचना एकट्या शिकवणाऱ्या ताई देणार. 'शाब्बास', 'घाबरू नकोस हं', 'ताठ बस' असं तीन तोंडांनी सुरू झालं की मुलाला कुणाचं ऐकावं तेच कळेनासं होतं.

मी मदतीला जातो त्या आमच्या केंद्रातल्या घोडीचं नाव बिजली. स्वभाव नावाच्या अगदी उलट. परवा तिच्यावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. ताई म्हणाल्या, "बिजलीला सांग, चल." त्याचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. ऐकलेला शब्द उमजायला आणि मग जिभेवर आणायला त्याला वेळ लागतो. मध्येच कुणी "म्हण ना, चल म्हण" केलं, की त्याची सगळी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून. बिजलीनं एक कान मागे वळवला. दोर सैल धरून मोतद्दार मामा जमिनीकडे बघत उभे. घाई झाली होती ती आम्हा बाजूच्या दोघांना आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या आईला. शेवटी आला तो नुसता 'च'. मामांनी तेवढ्यावर पाऊल उचललं, बिजली निघाली.

मदतीला गेलेल्या माणसाला, आपण मदत करतोय हे कुणाला तरी दिसावं, असं वाटतंच. त्यात गैर काही नाही, पण इथे त्याची सोय नाही. हात नुसता टेकलेला आणि मूल आपलं आपण बसलंय, ही आमची सगळ्यात चांगली फेरी. आणि त्या फेरीत आम्ही काही करतोय असं बघणाऱ्याला वाटतसुद्धा नाही.

अशा न दिसणाऱ्या मदतीवरून डेन्मार्कच्या घोडेस्वार लिस हार्टेल आठवतात. त्यांना 1944 मध्ये, गरोदर असताना, पोलिओ झाला. गुडघ्यांखालचे पाय कायमचे गेले. घोड्यावर चढायला आणि उतरायला माणसं लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीच्या ड्रेसाज या प्रकारात स्त्रियांना पहिल्यांदाच पुरुषांच्या बरोबरीनं उतरता आलं, तेव्हा त्यांनी जुबिली या घोडीवर रौप्यपदक मिळवलं. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. उपचारासाठी घोडेस्वारी ही कल्पना युरोपात रुजली त्यात या पदकांचा मोठा वाटा. मला मात्र त्या चढवून देणाऱ्यांचं कौतुक वाटतं. चढवून द्यायचं आणि कडेला व्हायचं. मैदानात त्या आणि जुबिली, एवढ्याच.

आमच्याकडे नवा माणूस येतो तो बहुधा मोबाइल काढूनच. आईवडिलांच्या परवानगीशिवाय मुलाचा फोटो काढायचा नाही, हे त्याला आधी सांगावं लागतं. मग मामा त्याच्या हातात खरारा देतात, खरारा झाला की फावडं आणि लिदीची पाटी. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, तर त्याला बिजलीच्या बाजूला उभं करायचं की नाही ते ताई ठरवतात.