नाव कुणाचे, आठवण कुणाची?

लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी किंग्ज क्रॉस सेंट पॅन्क्रस स्टेशनवर गाडी बदलली असेल. भुयारी रेल्वेच्या सहा लाईन्स इथे एकत्र येतात. पण हा राजा कोण, हा प्रश्न त्या धावपळीत कुणाला पडतो?

तो चौथा जॉर्ज. 1830 मध्ये तो वारला आणि इथल्या चौकात त्याचे स्मारक उभे राहू लागले. लोकांनी त्याला भरपूर नावे ठेवली. तळाशी आधी पोलीस चौकी आणि मग चक्क दारूचे दुकान आले! 1845 मध्ये सारेच पाडले. राजा गेला, पुतळा गेला, नाव मात्र जागेला चिकटून राहिले. 1863 मध्ये भुयारी रेल्वे आली, तिच्या स्टेशनलाही तेच मिळाले.

पॅन्क्रस हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, अवघ्या 14 वर्षांचा मुलगा. ख्रिस्ती श्रद्धा सोडायला नकार दिला म्हणून रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला. राजा आणि हा पोरगा आज एकाच पाटीवर आहेत.

मग नाव कशाने टिकते, सत्तेने की त्यागाने? मला वाटायचे, त्यागाने. पण याच स्टेशनातली आणखी एक गोष्ट कळली आणि माझा प्रश्नच बदलला.

18 नोव्हेंबर 1987 रोजी इथल्या लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली. 31 माणसे गेली. त्यांतल्या एकाची ओळख पटेना. शवागारातला 115 हा क्रमांक, तीच त्याची ओळख. पोलिसांनी शोध सोडला नाही. अखेर 2004 मध्ये, 16 वर्षांनी, त्याचे नाव सापडले. तो एक वयस्कर, बेघर माणूस होता.

गेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग, असे कुणी म्हणेल. पण आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते. बाळाने तोवर काय पराक्रम केलेला असतो? नाव काढणे ही पुढची गोष्ट. नाव मिळणे हा जन्माचा हक्क.

परदेशात आपलीही नावे तुटतात, आखूड होतात. अशा वेळी कुणी थांबून विचारले, 'नीट कसे म्हणायचे तुमचे नाव?' तर किती बरे वाटते! पुढच्या वेळी त्या स्टेशनच्या पायऱ्यांवर बसलेला कुणी दिसला, तर तेवढे आपणही विचारू या.