बैठक सोडून उठताना

माझ्या लहानपणी मिरज स्टेशनाबाहेरचे टांगेवाले परगावच्या उतारूला बहुधा एकच प्रश्न विचारीत : इस्पितळात जायचे की दर्ग्याकडे? प्रश्न व्यवहारातला, पण मिरजेचे सारे चरित्र त्यात आले होते. कॅनडातून आलेल्या डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली येथे इस्पितळ उभे केले आणि दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. एके काळी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी त्याआधीच भोपळ्यांवर तारा चढवल्या होत्या, आणि मिरजेचे तंबोरे देशभर गेले होते. देहाची दुरुस्ती आणि सुराची जुळणी असे दोन धंदे या एका गावात शेजारी-शेजारी नांदले.

मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब चिरनिद्रा घेत आहेत. ते १९३७ साली गेले. उरुसात गवई आजही तेथे हजेरी लावतात. खाँसाहेबांना प्लेग झाला, त्यांनी दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत सांगतात. माझी आई ती अगदी डोळ्यांत पाणी आणून सांगे. पण आम्हां भावंडांपैकी कोणाला ताप आला, की तीच आई दर्ग्यात फुले वाहून थेट इस्पितळाच्या रांगेत जाऊन बसे. श्रद्धेला तिने एक जागा दिली होती, औषधाला दुसरी. त्या दोहोंची अदलाबदल तिने कधी केली नाही. हे शहाणपण आपल्याकडे मुरलेलेच आहे, असे मी फार वर्षे धरून चाललो होतो.

माझा तो समज २०२१ साली गेला. निवृत्तीनंतर मी कऱ्हाडजवळच्या आमच्या मूळ गावी येऊन राहिलो आहे. तेथे दर गुरुवारी भजन असते. बुवांचा आवाज असा, की वरच्या पट्टीत गेले तरी त्यात धार येत नाही, ओलावा येतो. मी पेटीवर साथ करी. साठीच्या वरच्यांना १ मार्च २०२१ पासून लस मिळू लागली, आणि त्याच सुमारास बुवांच्या आवाजातला एक निरोप गावच्या मोबाइलांवर फिरू लागला. लस टोचून घेऊ नका, तिने रक्त नासते, अमका काढा पुरे आहे, असे त्यात होते. माझी चुलती सत्तरी ओलांडलेली. मी तिला परोपरीने समजावले. तिचे उत्तर ठरलेले : “बुवा नको म्हणतात ना, मग नको.”

मी बुवांकडे गेलो. “हे तुम्हांला कोणी सांगितले?” असे विचारले. ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, मला जे आले ते मी माझ्या तोंडाने सांगितले. ज्याला पटेल तो घेईल. बोलायला काय बंदी आहे?”

मे महिन्यात चुलती सांगलीच्या एका दवाखान्यात वारली. लस घेतली असती तर ती खात्रीने वाचली असती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. तेवढे ज्ञान मला नाही. परंतु वाचण्याची जी एक मोठी संधी तिच्या दारापर्यंत आली होती, ती एका गोड आवाजाने परत पाठवली, एवढे मात्र खरे. मी गुरुवारी जाणे सोडले. कोणाला काही बोललो नाही. पेटी तेवढी घरी घेऊन आलो.

पुढच्या जानेवारीत एक बातमी वाचनात आली आणि मी चमकलो. नील यंग हा मूळचा कॅनडाचा, पिकल्या वयाचा गायक. ज्या स्पॉटिफाय कंपनीच्या मार्फत जगभरचे लोक घरबसल्या गाणी ऐकतात, तिला त्याने बजावले, की तुमच्याकडे जो रोगन नावाचा गृहस्थ तासन्‌तास गप्पांचा कार्यक्रम करतो, त्यातून लशीविषयी खोटेनाटे पसरते आहे. तेव्हा एक तर तो ठेवा, नाही तर मला. कंपनीने रोगनला ठेवले. यंगची गाणी दोन-तीन दिवसांत तेथून उतरली. पाठोपाठ जोनी मिचेल ही गायिकाही बाहेर पडली. या दोघांनाही बालपणी पोलिओ झालेला. यंगला १९५१ साली, आणि साल्कची लस आली १९५५ मध्ये. लस नसलेले जग कसे असते, हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवलेले नव्हते.

त्यावर मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणाला, ही मुस्कटदाबी आहे. दुसरा म्हणाला, माणसे मरत असताना कसले स्वातंत्र्य घेऊन बसलात? मला वाटते, या गदारोळात दोन वेगळ्या गोष्टी एकीत एक मिसळल्या. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण माझ्या बोलण्याला अमक्याने साथ केलीच पाहिजे, असा हक्क कोणालाच नाही. पेटीवाला उठून गेला म्हणून बुवांचा गळा कोणी दाबला, असे होत नाही. यंगने रोगनला तुरुंगात टाका असे म्हटले नव्हते. ‘त्याच्या पंगतीला मी बसणार नाही’ एवढेच त्याचे म्हणणे होते.

मग कंपनीचे काय? आम्ही केवळ जागा देतो, बोलणारा काय बोलतो ते त्याचे तो जाणे, असा अशा कंपन्यांचा युक्तिवाद असतो. आमच्या भागात जत्रा-तमाशाची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली मेख समजायला वेळ लागणार नाही. मांडववाला मांडव घालून देतो. फडावर कोण काय बोलले याचा जाब त्याला कोणी विचारीत नाही. पण ज्या पंचांनी फडाला सुपारी दिली, त्यांना गाव विचारतेच. रोगनचा कार्यक्रम २०२० साली कंपनीने मोठी रक्कम मोजून केवळ आपल्याकरिता घेतला होता. तेव्हा ती मांडववाली राहिली नव्हती. सुपारी देणारी झाली होती. सुपारी देताना पंच, आणि जाब विचारला की मांडववाला, असे दोन्हीकडून चालत नाही. गवगवा झाल्यावर तिने साथीविषयीच्या कार्यक्रमांना सूचनेची पाटी लावण्याचे ठरवले. पाटी लावली हे बरेच झाले. पण पंचांनी तोंड उघडले ते गवई उठून गेल्यावर, हे विसरता येत नाही.

मग असे बोलणे कायद्यानेच का बंद करू नये? माझे मन येथे कचरते. सत्तेच्या हाती एकदा तोंड बंद करण्याची किल्ली दिली, की ती कोणत्या दारांना लागेल याचा नेम नसतो. आणि दार बंद केले तरी माणसे दुसरी वाट काढतात. १९५२ साली आकाशवाणीने सिनेमाची गाणी आवरली, तेव्हा लोकांनी रेडिओची सुई सिलोनवर नेऊन ठेवली. अखेर १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. आवडलेले गाणे आणि पटलेली अफवा, दोन्हींना वाट काढता येते.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी या बाबतीत जी रेषा ओढली, ती मला मोलाची वाटते. ते सांगलीच्या विलिंग्डनमध्ये आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले तो त्याच डिसेंबरात संमत झाला. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. मंत्रावर श्रद्धा ठेवणे हा गुन्हा ठरलेला नाही. विश्वास बाळगणाऱ्याला कायदा हात लावीत नाही. दुसऱ्याची औषधाची वाट अडवणाऱ्याला तो धरतो. उरलेल्या विस्तीर्ण मुलखात कायद्याने शिरू नये; तेथे माणसांनी माणसांशी बोलावे. डॉक्टरांनी जन्मभर तेच केले. गावोगाव, चावडीवर, शाळेत, जे त्यांना मानीत नव्हते त्यांच्यासमोर उभे राहून ते बोलत राहिले.

याच कऱ्हाड तालुक्यातल्या टेंभूचे आगरकर. मतभेद विकोपाला गेले तेव्हा १८८७ साली ते ‘केसरी’तून उठले, पण उठून घरी बसले नाहीत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि जे बोलायचे ते उघड बोलले. लोकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तीही त्यांनी सोसली.

नील यंगची गोष्ट मात्र वेगळ्या रीतीने संपली. २०२४ च्या आरंभी रोगनचा कार्यक्रम इतर कंपन्यांकडेही जाऊ लागला. सगळीच घरे सोडली तर गाणे ऐकवायचे कोठे? त्या मार्चमध्ये यंग स्पॉटिफायवर परतला. काहींना तो पराभव वाटला. मला त्यात लाज वाटण्यासारखे काही दिसले नाही. निदान उठताना तो का उठतो आहे, हे त्याने साऱ्या जगाला सांगितले होते.

आणि मी? मी पेटी उचलून मुकाट्याने घरी आलो. चुलतीच्या दिवसांनाही बोललो नाही. त्या भजनात तिच्यासारख्या आणखी किती म्हाताऱ्या बसत होत्या! त्यांनी माझ्या रिकाम्या जागेचा अर्थ काय लावला असेल? मास्तरांचे गुडघे दुखतात, एवढाच. माझ्या सात्त्विक संतापाचा उपयोग शेवटी एकट्या मला झाला. माझे हात स्वच्छ राहिले. दुसऱ्याला शहाणे करण्याची खटपट टाळून स्वतःपुरते स्वच्छ राहणे हीही एक चैनच आहे, हे कळायला मला फार दिवस लागले.

गेल्या महिन्यात बुवा घरी आले. थकले आहेत. ओट्यावर बसत म्हणाले, “मास्तर, पेटीला माणूस मिळत नाही हो.”

मी म्हटले, “येतो. पण भजन संपल्यावर मी चुलतीची गोष्ट सांगणार. सर्वांसमोर, आणि तुमच्यासमोर.”

बुवा बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “सांगा. पण नंतर मलाही बोलू द्या.”

मी बरे म्हटले. नाही म्हणण्याचा हक्क मला होता असे वाटत नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारी जायचे ठरले आहे. पेटी इतक्या दिवसांत उतरली आहे. ती तेवढी मिरजेला नेऊन आणायची आहे.