न छेडलेला गांधार

बसा. पाठ टेकवा. हात मांडीवर सैल सोडा.

समोर एक स्वस्तातला, जुना लॅपटॉप आहे. झाकणावर ओरखडे आहेत. काही बटणांवरची अक्षरं पुसट झाली आहेत. त्याच्याकडे आता एकच काम आहे, गाणं वाजवण्याचं.

त्याचं वाय-फाय बंद करा. मेलची, बातम्यांची, अपडेटची आठवण करून देणारं सगळं बंद करा.

श्वास घ्या. सावकाश सोडा.

लॅपटॉपच्या कडेला एक छोटं गोल भोक आहे. त्यात स्पीकरची पिन आहे. तिथून निघालेली वायर टेबलाच्या काठावरून खाली उतरते आणि दोन स्पीकरांकडे जाते. नजरेनं त्या वायरीबरोबर जा. घाई नाही.

लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर चिमुकले असतात. खर्ज त्यांच्यातून नीट उमटत नाही. म्हणून हे बाहेरचे स्पीकर. ते साधे असले तरी चालतील.

आता यादी उघडा. तिच्यात खूप काही आहे. त्यातलं एकच घ्या.

आज भूप राग घेऊ. किशोरी आमोणकरांनी गायलेला.

सुरू करा आणि पडदा काळा होऊ द्या. बघण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

ऐका.

आधी तानपुरा येतो. पंचम. मग जोडीच्या दोन तारा, षड्ज आणि षड्ज. मग खर्ज, म्हणजे खालचा षड्ज.

पुन्हा पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.

एवढंच ऐका.

तानपुऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा एक धागा असतो. तो केसभर सरकवत सरकवत वाजवणारा जवारी, म्हणजे तारेचं गुंजन, जुळवतो. धागा नेमक्या जागी आला की तार खुलते. मिरजेत हे तानपुरे पिढ्यान् पिढ्या बनत आले आहेत.

त्या खुललेल्या आवाजात थांबा.

श्वास घ्या. सोडा.

सीडीवरच्या आवाजाची दर सेकंदाला 44,100 वेळा नोंद झालेली असते, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी. सीडीवरून घेतलेली फाईल फ्लॅक प्रकारची असेल, तर त्यातलं काहीही गळलेलं नसतं. आत्ता तुम्ही घेतलेला श्वास चार सेकंदांचा असेल, तर तेवढ्यात एकेका बाजूच्या 1,76,400 नोंदी वाजून गेल्या.

मोजायचं काम लॅपटॉपचं आहे. तुम्ही मोजू नका.

फक्त खर्जाकडे जा. चौथी तार. ती येते, रेंगाळते, विरत जाते. विरताना तिच्यात काय उरतं, ते ऐका.

पहिल्यांदा ऐकू येणार नाही. असू द्या. ती तार पुन्हा येणार आहे.

पुन्हा ऐका.

खर्जाच्या वर, खूप वर, एक बारीक स्वर आहे. तो गांधार आहे. चार तारांपैकी एकही तार गांधाराची नाही. तो कुणी छेडलेला नाही. खर्जातूनच तो आपोआप उमटतो. गाणारे त्याला स्वयंभू गांधार म्हणतात.

त्याच्यापाशी राहा.

भूपात पाचच स्वर. सा, रे, ग, प, ध. मध्यम नाही, निषाद नाही. त्या पाचांत गांधार वादी, म्हणजे मुख्य. तानपुऱ्यात न छेडता उमटलेला स्वर आणि गळ्यातून येणारा स्वर आता एकमेकांत मिसळतात.

मिसळू द्या.

मन दुसरीकडे जाईल. उद्याच्या कामाकडे, गॅसवरच्या दुधाकडे. जाऊ द्या. ते परत आलं की खर्जापासून सुरुवात करा.

खर्ज. आणि त्याच्या वर, गांधार.

लॅपटॉपमधला पंखा मधूनच फिरतो, थांबतो. बाहेरून रिक्षा जाते. तेही ऐका. त्याखाली तानपुरा चालूच आहे.

श्वास घ्या. सोडा.

राग सावकाश पुढे सरकतो. तुम्हाला कुठेही पोचायचं नाही.

कपाटात पडून असलेला जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्याला हे एक काम द्या. बाकीचं सगळं त्यावरून काढून टाका. गाणी मोजकीच ठेवा. आणि एक राग लावलात, की तो संपेपर्यंत दुसरा लावू नका.