माशाचं गाव

परका मासा म्हटलं की आपल्याला आधी चिलापी आठवते. आफ्रिकेतली ही जात १९५२ साली भारतात आली, तळ्यांतून धरणांत पसरली आणि आज उजनीच्या जाळ्यात दुसरं काही लागो न लागो, चिलापी लागतेच. मादी अंडी तोंडात धरून उबवते. बाहेर पडलेली पिल्लंसुद्धा धोक्याची चाहूल लागताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. असा मासा ओढ्यात उतरला की हटत नाही. हे आपल्याला चटकन पटतं, कारण चिलापी परदेशी.

पण या ‘परदेशी’ शब्दापाशीच आपली गफलत होते. माशाला देश नसतो. पाखरू डोंगर ओलांडतं, वाघ एका रानातून दुसरं रान गाठतो. माशाला पाण्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. दोन खोऱ्यांमधली डोंगराची धार हीच त्याची वेस. भीमा आणि कावेरी दोघींचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरातच जातं, पण गोडं असेपर्यंत ते कुठेही एकमेकांत मिसळत नाही. माशाचं गाव म्हणजे त्याचं खोरं.

ही वेस मत्स्यशेतीने ओलांडली. रोहू आपल्याला घरचा वाटतो, पण तो मूळचा गंगेकडचा. त्याचं बीज पूर्वी नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशांना पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून साठल्या पाण्यात अंडी घालायला लावली, आणि मग बीज कुठेही तयार होऊ लागलं. त्यातून लाखो घरांत अन्न आणि पैसा आला, हे विसरून चालणार नाही. पण प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली बोटुकली आता टेम्पोतून एका रात्रीत घाट चढते. तळं बहुधा ओढ्याच्या काठीच असतं. पहिल्या मोठ्या पावसात ते भरून वाहतं, आणि नेमके तेच दिवस चढणीच्या माशांचे. मळे, वांब, मरळ अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात, तेव्हाच तळ्यातला पाहुणा त्यांच्या वाटेवर उतरतो.

तळं फुटायलाच हवं असंही नाही. कधी माणूसच मोठ्या मायेने मासा नदीत सोडतो.

आपला खडस, म्हणजे दख्खनचा महासीर, कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून शास्त्राला ओळखीचा करून दिला. पुढे तो घटत चालला, म्हणून लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात त्याची पैदास सुरू झाली. हेतू निर्मळ होता. तिथली पिल्लं दूरदूरच्या पाण्यात गेली, त्यात कावेरीही होती. कावेरीत आधीपासून तिचा स्वतःचा महासीर होता: पाठीला उंचवटा असलेला, केशरी झाक असलेल्या परांचा, पन्नास किलोंच्या वर जाणारा.

गळ टाकून मासा धरायचा आणि परत सोडायचा, अशी शिबिरं तिथे चालत. गालीबोरच्या शिबिरातल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदवह्या अभ्यासकांनी पुढे तपासल्या. त्यांत खडसाचे आकडे वाढत जातात, कावेरीच्या महासीराचे घटत जातात. पण जो थोडा सापडतो, तो दरवर्षी आधीपेक्षा मोठा. वरवर पाहता ही आनंदाचीच गोष्ट. मला मात्र त्या वाढत्या वजनांनी धडकी भरते. मासे मोठे दिसत होते कारण लहान उरलेच नव्हते. गावात फक्त म्हातारी माणसं राहावीत आणि पाळणा कुठेच हलू नये, तसं. धरणं, वाळूउपसा, सुरुंग यांचाही त्यात वाटा आहे. तरी त्याच नदीत, त्याच काळात खडस फोफावत होता, हे नजरेआड कसं करायचं?

कावेरीचा तो मासा शास्त्रीय नावाने नेमका कोणता, हे २०१८ मध्ये ठरलं: टॉर रेमादेवी. त्याच वर्षी जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंडीचा डोह आहे. तिथले खडस देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. खाणं टाकलं की काळ्या पाठी वर येतात, पाणी ढवळून निघतं. काठावरची माणसं हात जोडतात. त्या पाण्यात तो घरच्या घरी आहे.