सहावं कोर्ट

टेनिस म्हटलं की डोळ्यांसमोर एकटा माणूस येतो. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात हा खेळ पाहिला जातो तो टीव्हीवर, आणि टीव्हीला एकट्याचीच हौस. फेडरर दिसायचा, नदाल दिसायचा, जोकोविच दिसतो. त्यामुळे टेनिसचा संघ आणि त्या संघाचा कोच म्हटलं की ऐकणाऱ्याला नवल वाटतं. पण अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये टेनिस संघानेच खेळतात. त्या सामन्याचा हिशोब असा आहे की आपल्याकडच्या खो-खोवाल्याला तो पाच मिनिटांत कळावा, आणि टीव्हीवरच्या टेनिसवेड्याला मात्र जरा उशिरा.

हिशोब सात गुणांचा. आधी दुहेरीचे तीन सामने होतात आणि त्यांतले दोन जिंकणाऱ्याला मिळून एक गुण मिळतो. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. ज्याचे आधी चार गुण झाले तो संघ जिंकला. एकेरीतली जोडणी ताकदीप्रमाणे असते. आपला पहिल्या नंबरचा खेळाडू त्यांच्या पहिल्याशी, आपला सहावा त्यांच्या सहाव्याशी. सहाही सामने शेजारशेजारच्या सहा कोर्टांवर बहुधा एकाच वेळी चालू असतात.

आता यातली गोम बघा. पहिल्या कोर्टावर देशातला उत्तम खेळाडू खेळतोय. त्याच्यासाठी लोक आलेत, उद्या पेपरात त्याचाच फोटो येणार. सहाव्या कोर्टावर खेळणाऱ्याचं नाव त्याच्या खोलीतल्या सोबत्यापलीकडे कुणाला ठाऊक नसेल. दोघेही जिंकले तर संघाला मिळणारा गुण मात्र सारखाच, एक. इतकंच नाही, चौथा गुण मिळाला की सामन्याचा निकाल लागतो आणि उरलेली कोर्टं बहुधा तिथल्या तिथे थांबवली जातात. म्हणजे सहाव्याने आपलं काम लवकर उरकलं आणि पहिला तिसऱ्या सेटमध्ये अडकलेला असला, तर पहिल्याचा सामना ‘अपूर्ण’ म्हणून नोंदला जातो. संघ जिंकतो आणि संघाच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचा त्या विजयात एकेरीचा एकही गुण नसतो.

कुणी म्हणेल, मग कोचने थोडं डोकं चालवावं. लंगडा घोडा पहिल्या नंबरवर बळी द्यावा आणि बाकीचे सगळे एकेक पायरी खाली उतरवून सोपे गुण मारावेत. ही पळवाट सगळ्यांना सुचते, म्हणूनच ती नियमाने बंद आहे. क्रम ताकदीप्रमाणेच लावायचा, आणि समोरच्याला शंका आली तर तो हरकत घेऊ शकतो. तेव्हा कोचच्या हाती एकच मार्ग राहतो: सहावा खेळाडू खरोखरच दुसऱ्यांच्या सहाव्यापेक्षा चांगला तयार करणं. कोचची सगळी कारकीर्द या एका वाक्यात बसते, पण हे वाक्य प्रत्यक्षात उतरवायला माणसाची उमर जाते.

कारण पहिला नंबर सहसा घडलेलाच येतो. तो दहाव्या-बाराव्या वर्षापासून कुणाच्या तरी हाताखाली तयार झालेला असतो, त्याच्यामागे दहा कॉलेजं लागलेली असतात, आणि त्याला मिळवणं ही बरीचशी बोलाचालीची आणि शिष्यवृत्तीची गोष्ट असते. सहाव्याच्या मागे कुणी लागलेलं नसतं. शिष्यवृत्तीचाच आकडा पाहा. अमेरिकेतल्या वरच्या गटातल्या कॉलेजांना पुरुषांच्या टेनिस संघासाठी अनेक वर्षं साडेचार शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, महिलांसाठी आठांची. खेळायला लागतात सहा, जवळ ठेवावे लागतात आठ-दहा, आणि वाटायच्या साडेचार. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी, कुणाला नुसती पुस्तकांपुरती. सहाव्याच्या वाट्याला बहुतेक वेळा ताटातलं उरलेलंच येतं, आणि तरी त्याने रोज पहिल्याइतकाच घाम गाळावा अशी अपेक्षा. हे त्याच्याकडून करवून घेणं म्हणजे कोचिंग. फोरहँडची पकड सुधारणं हा त्यातला सोपा भाग.

सामन्याच्या दिवशी हे उघडं दिसतं. व्यावसायिक टेनिसमध्ये खेळत्या माणसाला बाहेरून सल्ला द्यायला अनेक वर्षं मनाई होती. 2025 पासून जागतिक नियमांत ती सैल झाली. कॉलेजच्या टेनिसमध्ये मात्र कोच कोर्टाच्या आत असतो, बाजू बदलताना खेळाडूच्या शेजारी बसतो, दोन गुणांच्या मध्ये हळूच एखादं वाक्य टाकतो. कोर्टं सहा, कोच एक आणि हाताशी एखाद-दोन मदतनीस. मग त्याने उभं कुठे राहायचं? प्रेक्षक पहिल्या कोर्टाकडे तोंड करून बसलेले असतात. माझ्या मते कोचची पारख करायची तर खेळाकडे बघूच नये, तो कोणत्या कोर्टाच्या जाळीशी किती वेळ उभा आहे ते बघावं. पहिल्याला तिथे त्याची गरज फारशी नसते, पाचव्या-सहाव्याला असते.

आता हे सगळं कल्पनेचं गणित नाही हे दाखवायला एक माणूस पुरेसा आहे. डिक गूल्ड 1966 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुरुष संघाचे कोच झाले आणि 2004 पर्यंत राहिले. अडतीस वर्षं एकच कॉलेज, एकच संघ. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद 1973 मध्ये आलं, म्हणजे सात वर्षं हात हलवत परतायचं होतं. (आपल्याकडे सात वर्षं कप न आणणाऱ्या क्रीडा संचालकाला संस्थाचालक काय म्हणतील, ते सांगायला नको.) शेवटचं 2000 मध्ये. एकूण सतरा.

या सतरांमध्ये एक गंमत दडलेली आहे. 1976 पर्यंत संघाचं विजेतेपद वैयक्तिक स्पर्धेतल्या गुणांच्या बेरजेवर ठरत असे. तिथे दोन-तीन तोलामोलाचे खेळाडू असले की बेरीज जमून जाई. 1977 पासून संघांचे आमनेसामने सामने होऊ लागले आणि सहा जणांची गरज पडली. गूल्ड यांची दोन विजेतेपदं जुन्या पद्धतीतली आहेत, पंधरा नव्या. हिशोब बदलला तेव्हा या माणसाचं पारडं वर गेलं नाही, उलट जड झालं.

1978 मध्ये जॉन मॅकेन्रो त्यांच्याकडे होता. एका वर्षात एकेरीचं आणि संघाचं विजेतेपद घेऊन तो व्यावसायिक टेनिसमध्ये निघून गेला. 1979 कोरडं गेलं. 1980 आणि 1981 चे चषक पुन्हा स्टॅनफर्डला आले. मॅकेन्रोची जागा दुसऱ्या मॅकेन्रोने भरून निघत नसते. ती खालच्यांनी एकेक पायरी वर सरकून भरावी लागते, आणि सरकणारे आधीपासून तयार असावे लागतात. अर्थात पहिला नंबर शोभेचा असतो असं कुणी समजू नये. 1998 मध्ये बॉब ब्रायनने एकेरी, भाऊ माइकसोबत दुहेरी आणि संघाचं अशी तिन्ही विजेतेपदं घेतली, आणि त्या वर्षी स्टॅनफर्ड एकही सामना हरलं नाही. वर ब्रायन आणि खालीही दम, असं जमलं की मग विचारायला नको.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच माणसाचं आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना 2007 आणि 2008 मध्ये लागोपाठ एकेरीचा राष्ट्रीय विजेता झाला. 2007 च्या अंतिम सामन्यात त्याने जॉर्जिया विद्यापीठाच्या जॉन इस्नरला हरवलं. पण त्या दोन्ही वर्षी संघाचं विजेतेपद गेलं कुणाकडे? जॉर्जियाकडे. व्हर्जिनियाला ते पहिल्यांदा मिळालं 2013 मध्ये, अंतिम सामन्यात 4–3 असं, म्हणजे सातव्या गुणावर. सोमदेवला जाऊन पाच वर्षं झाली होती. कोच मात्र तेच होते, ब्रायन बोलंड. मग 2015, 2016 आणि 2017 असे आणखी तीन चषक आले. देशातला सगळ्यात चांगला खेळाडू जवळ असताना जे जमलं नाही, ते खालची फळी भरल्यावर जमलं.

आपल्याला हे चटकन पटत नाही, त्याचं कारण डेव्हिस कप. तिथे परंपरेने एकेरीचे चार सामने आणि दुहेरीचा एक. दोन खंदे खेळाडू असले की देशाची लढत निघते. विजय अमृतराज आणि रमेश कृष्णन यांच्या बळावर भारत 1987 मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला. पुढे पेस आणि भूपती यांनी कितीतरी लढती ओढून नेल्या. पुण्याचे नंदन बाळ यांनी आधी खेळाडू म्हणून आणि मग कोच म्हणून या लढती जवळून अनुभवल्या. 2020 मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. डेव्हिस कपच्या कोचला सहावा शोधावा लागत नाही. कॉलेजच्या कोचला तो दरवर्षी शोधावा लागतो, कारण चार वर्षांत अख्खा संघ निघून जातो. महाराष्ट्रातली मुलंही त्या वाटेने गेलेली आहेत. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. 2023 च्या आशियाई स्पर्धेत ऋतुजाने रोहन बोपण्णाच्या जोडीने मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं, तेव्हा आपण तिला ओळखलं. कॉलेजसाठी तिने मिळवलेला एकेक गुण कोण मोजतो!

हाच हिशोब आपल्या मातीत खो-खोत आहे, फक्त आपण त्याकडे कोचच्या नजरेने बघत नाही. बचावाला नऊ जण, तीन-तीनच्या तुकड्यांनी उतरतात. समजा नऊ मिनिटांच्या डावात पहिली तुकडी चार मिनिटं तगली. शिट्ट्या, टाळ्या. दुसरी दीड मिनिटात आटोपली, तिसरीही दीड मिनिटात. झाली सात मिनिटं, उरली दोन. सगळे बाद झाले की त्याच क्रमाने पुन्हा उतरावं लागतं, म्हणजे तीच पहिली तुकडी, पोटऱ्या भरून आलेल्या अवस्थेत, पुन्हा मैदानात. आता ते तिघे लवकर बाद झाले तर लोक म्हणणार, ऐनवेळी मोठ्यांनी घात केला. घात त्यांनी केलेला नसतो, तो तिसऱ्या तुकडीच्या सरावात सहा महिन्यांपूर्वीच झालेला असतो.

मराठवाड्यात या खेळाला पाणी आहे. धाराशिवच्या सारिका काळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिला आणि पुरुष, दोन्ही संघांनी जिंकला. पण नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखालच्या एखाद्या ग्रामीण कॉलेजात बघाल तर शारीरिक शिक्षण संचालक हा एकटा माणूस कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं सांभाळतो. त्याच्याकडे साडेचार सोडा, अर्धी शिष्यवृत्तीही वाटायला नसते. जूनमध्ये प्रवेश घेऊन जे येतील ते त्याचे. सोयाबीन काढणीला आलं की त्यातलीही निम्मी पोरं शेतात. अशा वेळी दोन चपळ पोरगे गाठून त्यांच्या जिवावर विभागीय फेरी काढणं सोपं असतं. नववा उभा करणारे सर वेगळे, आणि ते त्यांच्या फायलीतल्या प्रमाणपत्रांवरून ओळखू येत नाहीत.

तेव्हा पुढच्या वेळी सेनगावला नाहीतर हिंगोलीला आंतरमहाविद्यालयीन सामने बघायला गेलात, तर पहिली तुकडी बाद झाली की चहाला उठू नका. तिसरी उतरेपर्यंत बसा, ती किती वेळ तगते ते घड्याळ लावून बघा, आणि सामना संपल्यावर त्या तिघांच्या सरांना नाव विचारून घ्या.