रूढी आणि नवागत

धारच्या महाविद्यालयास महाराजा भोजाचे नाव आहे, देवासच्या महाविद्यालयास कृष्णाजीराव पवारांचे. एक अकराव्या शतकातील विद्याव्यासंगी परमार राजा, दुसरा मराठी संस्थानिक. अशा नावांच्या छायेत दरवर्षी नवी मुले प्रवेश करतात आणि महाविद्यालयीन जीवनातील सरस्वतीपूजन, स्नेहसंमेलन, वसतिगृहाचे रीतिरिवाज हा सारा वारसा त्यांच्या हाती येतो. तो जसाच्या तसा पुढे द्यावा, की पारखून द्यावा?

न्यायालयात ही पारख ठरलेली आहे. मदुरेच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1868 साली सिद्ध झालेल्या रूढीस शास्त्रवचनाहूनही अधिक वजन दिले. पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीची व्याख्या करताना दीर्घ आचरणाबरोबरच, ती गैरवाजवी व लोकनीतीविरुद्ध नसावी, ही अट घातली.

महाविद्यालयात पिढी तीन वर्षांत पालटते. तेथे पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीची गोष्टही 'पूर्वापार' ठरते. म्हणून तेथे प्राचीनतेची कसोटी लंगडी पडते. उरते ती वाजवीपणाची. आणि वाजवी काय, हे रूढी चालविणाऱ्यास नव्हे, ती सोसणाऱ्यास विचारावे लागते.

हे मी उशिरा शिकलो. परगावी वसतिगृहात असताना पहिल्या वर्षी मला वरच्या वर्गातील मुलांसमोर मान खाली घालून उभे राहावे लागे. त्याची मला चीड होती. तरीही दुसऱ्या वर्षी एका बुजऱ्या मुलास मीच तसे उभे केले. परंपराच आहे, असेही वर सांगितले. महिन्याभरात तो वसतिगृह सोडून गेला. पुढे 2001 साली सर्वोच्च न्यायालयाने असल्या छळास आळा घालण्याचे आदेश दिले. 2009 साली विद्यापीठ अनुदान आयोगाने कडक नियम केले. परंतु कायद्याची वाट पाहण्याचे मला काय कारण होते?

नवागतास सन्मानाने आत घेतल्याने परंपरा बुडत नाही. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली पंढरपूरचे मंदिर हरिजनांस खुले झाले. वारी काही थांबली नाही. देवासला 1948 साली आजारी अवस्थेत आलेल्या कुमार गंधर्वांनी गुरूची विद्या न टाकता माळव्याच्या लोकधुनांना तिच्यात स्थान दिले.

यंदा माझा मुलगा वसतिगृहात राहावयास जात आहे. देवाला नमस्कार करून तो निघाला, तेव्हा मी त्या बुजऱ्या मुलाची हकीकत त्याला सांगितली. वारसा म्हणून तीही त्याच्याबरोबर असावी, असे मला वाटले.