पाच सेंटांचे पीच

जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ सालच्या कादंबरीवरून जॉन फोर्ड यांनी १९४० साली 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' हा चित्रपट काढला. सेमिनरीत असताना आम्ही तो प्रथम पाहिला, तेव्हा आमचा सारा राग ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुणावर होता. अवर्षणाने आणि धुळीच्या वादळांनी उजाड झालेल्या ओक्लाहोमात कुळांना जमिनीवरून हुसकावले जात आहे. म्यूली नावाचा शेतकरी बंदूक घेऊन आपल्या घरापुढे उभा राहतो. समोरच्या ट्रॅक्टरवर शेजाऱ्याचाच मुलगा असतो. त्याला दिवसाला तीन डॉलर मिळतात, आणि त्याच्याही घरी खाणारी तोंडे आहेत. हुकूम कंपनीचा, कंपनीमागे बँक, आणि बँकेचा व्यवस्थापकही कोणाच्या तरी आज्ञेचा ताबेदार. म्यूलीला शत्रू सापडत नाही. बंदूक खाली येते आणि घर पाडले जाते.

अनेकांत वाटला गेल्याने दोष नाहीसा होतो काय? त्या वयात आमच्याकडे उत्तर तयार होते: ट्रॅक्टरवाल्याने नकार द्यायला हवा होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला आणि आम्ही दुसऱ्याच प्रसंगापाशी अडखळलो. घरदार गमावलेले जोड कुटुंब कॅलिफोर्नियात पोहोचते. पोलिसांच्या बंदोबस्तात त्यांची गाडी एका मळ्यात आणली जाते. फाटकाबाहेर माणसे जमली आहेत. ती का जमली, हे कोणी सांगत नाही. पीच तोडायचे, पेटीमागे पाच सेंट. संध्याकाळी ताटात मांस पडते. मळ्याच्या दुकानातले भाव चढे, त्यामुळे कमाई त्या एका जेवणातच संपते. तरी जेवण ते जेवण.

रात्री टॉम बाहेर पडतो. त्याला केसी भेटतो. हा केसी पूर्वीचा धर्मोपदेशक. पाचारण हरवले म्हणून व्यासपीठ सोडलेला. (अशा पात्रांविषयी आम्हां पाद्र्यांच्या मनात थोडी अढी असते, हे कबूल करू.) तो सांगतो की मालकाने आम्हांला अडीच सेंटच देऊ केले, म्हणून आम्ही संप केला. तुम्हांला पाच मिळतात ते आमच्या संपामुळे, आणि तो मोडला की तुम्हांलाही अडीचच मिळतील. मळ्यातल्यांना बाहेर पडायला सांग. टॉमचे उत्तर साधे आहे: आज घरच्यांना मांस मिळाले, परक्यांसाठी बाप ते सोडणार नाही.

तेव्हा आमच्या ध्यानात आले की जोड कुटुंब ट्रॅक्टरवाल्याचेच काम करीत होते. एकाने घरच्यांसाठी शेजाऱ्याचे घर पाडले, दुसऱ्यांनी घरच्यांसाठी शेजाऱ्याचा संप. एकाचा आम्हांला राग आला, दुसऱ्यांची कीव.

फरक आहे तो जाणण्याचा. गंभीर पापाला पूर्ण ज्ञान व पूर्ण संमती लागते, हे आम्ही शिकलो आहोत. त्या रात्रीपर्यंत जोड कुटुंबाला ज्ञान नव्हते, आणि भुकेल्याची संमती कितीशी मोकळी? तेरावे लिओ पोप यांनी १८९१ सालीच बजावले होते की मजुराने नाइलाजाने मान्य केली एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. पण रात्रीनंतर काय? केसीला ठार मारले जाते, टॉमच्या हातून मारेकरी मरतो आणि कुटुंबाला मळा सोडून पळावे लागते. सकाळी पुन्हा पीच तोडावेत काय, हा प्रश्न फोर्ड त्यांच्यापुढे मांडतच नाहीत. आम्हांला वाटते, येथे त्यांनी जोडांना वाचविले, आणि आपल्यालाही.

कारण त्याच पाठात आणखी एक वाक्य असे: जाणूनबुजून जपलेले अज्ञान निर्दोष नसते. काही वर्षांपूर्वी चर्चचे सभागृह बांधायचे ठरले. सर्वांत कमी दराची निविदा आम्हीच मंजूर केली. पैसा लोकांचा, तो जपून वापरायला हवा. मजूर बाहेरगावचे होते, जागेवरच राहत. ठेकेदार त्यांना काय देतो हे आम्ही विचारले नाही. रोज सायंकाळी बांधकाम पाहायला मात्र जात होतो. सभागृह ठरल्या पैशांत पुरे झाले, आणि लग्नाच्या जेवणावळी आता तेथेच होतात.